जुळे सिलिंडर

"आई गं!"

निनाद किंचाळला, कारण मैथिलीचा सणसणीत धपाटा त्याच्या पाठीत बसला होता. त्याने तिची वेणी ओढली. तिने त्याच्या पोटात कोपर मारलं. दोघं धाडकन जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर कोसळले, चहाचा कप आडवा झाला आणि निळाशार कॅरिबियन समुद्र बघता बघता चॉकलेटी झाला.

"बेट बुडवलंत!" त्यांचे बाबा, म्हणजे विजयकुमार, ओरडले. "ऑगस्टमध्ये जायचंय तिथे आपल्याला! तोवर तरी ते पाण्यावर राहू द्या!"

"सी-व्ह्यू रूम माझी आहे!" मैथिली धापा टाकत म्हणाली.

"नो वे! मी फर्स्ट बोललो होतो!"

भांडण एवढ्याचंच होतं. रिसॉर्टमध्ये समुद्राकडे तोंड असलेली छोटी खोली एकच होती आणि टेबलाभोवती दावेदार चार. तेरा वर्षांची मैथिली, अकरा वर्षांचा निनाद, शेजारच्या फ्लॅटमधला फरदीन आणि त्याची धाकटी बहीण यम्ना. पुण्याचे विजयकुमार आणि रत्नागिरीचे जमालचाचा, म्हणजे फरदीन-यम्नाचे अब्बा, शारजातल्या अल मजाज वस्तीत एकाच मजल्यावर राहत. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असत, मुलं कुठल्याही घरात जेवत आणि मारामारीही कुठल्याही घरात करत.

दर सुट्टीत सगळे आपापल्या गावी जायचे. या वर्षी मात्र दोन्ही घरांनी मिळून थेट कॅरिबियन गाठायचं ठरवलं होतं! मैथिली-निनादच्या प्रमिलाआईने महिनाभर खपून बेट निवडलं होतं. वादळांचा पट्टा त्या बेटाच्या बराच वरून जातो, हे तिने पुन्हा पुन्हा तपासलं होतं. आणि तिथली खरी गंमत अशी, की डायव्हिंगला होडी लागत नाही. गाडी किनाऱ्याला लावायची, सिलिंडर पाठीला बांधायचा आणि चालत चालत समुद्रात शिरायचं. हाकेच्या अंतरावर प्रवाळ, कासवं, पोपटासारख्या चोचीचे मासे!

"आणि मी?" यम्नाने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. डायव्हिंग दहाव्या वर्षानंतरच करता येतं. यम्नाला दहा वर्षं पूर्ण होणार होती सप्टेंबरमध्ये. सहल ऑगस्टमध्ये.

"तू किनाऱ्यावर बस आणि आमच्या चपला सांभाळ," फरदीन म्हणाला. "तू लिंबूटिंबू!"

यम्नाने पायातली चप्पल काढून त्याला फेकून मारली. नेम अचूक होता. फरदीनच्या कपाळावर टेंगूळ आलं आणि जमालचाचांनी दोघांच्याही पाठीत एकेक ठेवून दिली.

आता सहलीला जायचं तर सराव हवा. मोठ्यांनी आणि तिघा मुलांनी एमान नावाच्या प्रशिक्षक बाईंकडे स्विमिंग पूलमधला कोर्स केला होता. शनिवारी खोर फक्कानच्या किनाऱ्यावर समुद्रातली पहिली डाइव्ह होती. एमान म्हणाल्या होत्या, "सिलिंडर माझ्याकडचेच वापरा." पण विजयकुमार ऐकतील तर शपथ!

"भाड्याचे कशाला? आपल्याला तुकारामशेठनी स्वतःचे दोन दिलेत, आळीपाळीने उतरू! चारशे दिरहमला एक, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये. नवा घ्यायला गेलात तर तिप्पट!"

"अहो, पण ते कुठे तपासलेत का?" प्रमिलाआईने विचारलं.

"तुकारामशेठचा माल कसला तपासायचा? आपला माणूस आहे तो!"

हे 'आपला माणूस' प्रकरण भारी असतं. परदेशात राहणारा शहाणासुरता माणूस अनोळखी दुकानात शंभर प्रश्न विचारतो, पण समोरचा मराठीत "या साहेब" म्हणाला की त्याची अक्कल रजेवर जाते. सिलिंडरचं वर्कशॉप चालवणारे तुकारामशेठ तर मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांच्या पुढे उभे राहून टाळ वाजवायचे. अवेळी भटजी शोधून द्यायचे. शारजात पाणी भरलं तेव्हा जमालचाचांच्या दुकानातला माल त्यांनी स्वतःच्या पिकअपमधून हलवला होता. जमालचाचा गाड्यांच्या स्पेअर पार्टचे व्यापारी. रोज प्रत्येक पार्टवरचा नंबर भिंगाखाली धरून बघणारा हा माणूस, पण तुकारामशेठचे सिलिंडर त्यांनी नुसते थोपटून घरात घेतले!

शनिवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सामान भरणं चाललं होतं. जुलैची सकाळ, जमीन आत्ताच तापलेली. यम्नाला एक फडकं देऊन सिलिंडर पुसायला बसवलं होतं. लिंबूटिंबूला दुसरं काय काम देणार?

"ए, हे बघा!" ती अचानक ओरडली. "या दोघांचा नंबर सेम आहे!"

पिवळ्याधमक सिलिंडरच्या गळ्याशी धातूत नंबर ठोकलेला होता. शेजारच्या सिलिंडरवरही अगदी तोच.

"मॉडेल नंबर असेल गं," विजयकुमार म्हणाले.

"पण अब्बा, तुम्हीच म्हणता ना, एका नंबरची दोन इंजिनं नसतात?" फरदीनने विचारलं.

"अरे बाबा, ते इंजिनाचं झालं," जमालचाचा म्हणाले. "हवेच्या डब्याला कसला आलाय नंबर? यल्ला, चल, उचल!"

"ट्विन्स आहेत ते!" निनाद हसला. "जुळे सिलिंडर!"

सगळे हसले. तेवढ्यात त्या जुळ्यांपैकी एक फुसफुसायला लागला. गळ्यापाशी बोट लावलं तर हवा येत होती. जमालचाचांनी तो सावकाश रिकामा केला.

"विजयभाई, तुम्ही पुढे व्हा," ते म्हणाले. "मी हा तुकारामशेठकडून बदलून आणतो. मोठी पोरं उचलायला माझ्याबरोबर येतील."

"मीपण!" यम्ना म्हणाली.

"वर्कशॉप लहान मुलांची जागा नाही. तू आंटीबरोबर जा."

यम्ना दात-ओठ खात विजयकुमारांच्या पांढऱ्या गाडीत बसली. तिच्या मागे डिकीत दुसरा जुळा आडवा पडला होता, हवेने गच्च भरलेला.

तुकारामशेठचं वर्कशॉप औद्योगिक क्षेत्रात, गॅरेजांच्या एका लांबलचक गल्लीत होतं. शेठ दारातच भेटले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर तेच प्रेमळ हसू.

"अरे, फुसफुसला? व्हॉल्व असेल! जमालभाई, तासाभरात देतो. पोरांना बसू द्या इथे एसीत. ज्यूस पाजतो."

जमालचाचा बिनधास्त स्वतःच्या गोदामाकडे निघून गेले. आपल्या माणसाकडे पोरं ठेवायची म्हटल्यावर काळजी कसली!

ज्यूस आला. शेठ आत गेले. मैथिली उठून केबिनच्या मागच्या दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

"फरदीन," ती कुजबुजली, "इकडे ये!"

काचेपलीकडे मोठी शेड होती. भिंतीशी गंजलेल्या, पोचे पडलेल्या जुन्या सिलिंडरांचा ढीग. काहींवर फुलीचा खोल घाव घातलेला, म्हणजे बाद, भंगार. एक माणूस ग्राइंडरने त्यांचे जुने नंबर घासत होता. दुसरा फटीत पुट्टी भरत होता. तिसरा पिवळा रंग मारत होता. आणि एक टकला पैलवान हातोड्याने प्रत्येकावर नवा नंबर ठोकत होता. एकच नंबर! पुन्हा पुन्हा तोच!

"ओ माय गॉड," निनाद पुटपुटला. "जुळे नाहीत. फौज आहे!"

मैथिलीने दार बोटभर उघडलं, फोन काढला आणि व्हिडिओ सुरू केला. आतले आवाज आता स्पष्ट ऐकू येत होते. हाताला जाड बँडेज बांधलेला एक माणूस शेठना विनवत होता.

"शेठ, ये पीला वाला उसी लॉट का है. परसों भरते वक्त एक फटा, मेरी दो उंगली ले गया. बाकी के वापस मँगवा लो!"

"चूप! पुट्टी भरली आहे ना? चलता है!"

"पुट्टी तो उसमें भी थी, शेठ! और आज की धूप देखो. गाड़ी में पड़ा रहा तो बम है, बम!"

दुसरा जुळा विजयकुमारांच्या डिकीत होता. त्या गाडीत आई होती, बाबा होते, यम्ना होती!

"अब्बांकडे पळा!" फरदीन म्हणाला आणि वळला. वळताना त्याचा पाय ज्यूसच्या ट्रेवर पडला. खळ्ळकन आवाज झाला.

ग्राइंडर थांबला. शेठनी मान वळवली. काचेतून त्यांना तीन डोकी आणि एक फोन दिसला, आणि त्यांचं ते प्रेमळ हसू चेहऱ्यावरून पुसलं गेलं.

"पकडो!"

पैलवान दोन ढांगांत दाराशी आला. त्याने मैथिलीच्या हातातला फोन हिसकावला, जमिनीवर टाकला आणि हातोड्याचा एकच घाव घातला. फोनचा चुरा झाला. फरदीन त्याच्या अंगावर धावला. पैलवानाने उलट्या हाताची एक अशी ठेवून दिली, की फरदीन टेबलावर आपटला आणि तोंडातून रक्त यायला लागलं. समोरचा अर्धा दात तुटून त्याच्या तळहातावर पडला.

"काका, तुम्ही! तुम्ही आमच्या गणपतीला आरती म्हणता!" मैथिली किंचाळली.

"आणि तू मोठ्यांच्या कामात नाक खुपसतेस!" शेठनी तिचा दंड पिरगाळून तिला शेडमध्ये ओढलं, मागून पैलवानाने दोघा मुलांना आत ढकललं. "पेंटच्या खोलीत कोंडा यांना. जमाल आला की सांगू, पोरं खेळताना पडली."

निनाद आकाराने चिमुकला, पण त्याचे दात चांगले होते. त्याने शेठच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. शेठ बोंबलले आणि त्यांनी निनादला भिंतीवर भिरकावलं. काडकन आवाज आला. निनादचा डावा हात कोपराखाली विचित्र वाकला होता. तो ओरडलाही नाही. पांढराफटक पडून नुसता बघत राहिला, आणि ते बघून मैथिलीच्या डोक्यात रक्त चढलं. घरी त्याला धपाटे घालायचा हक्क तिचा होता, दुसऱ्या कुणाचा नाही!

शेडमध्ये तिच्या पायाशी लाल प्रायमरच्या पावडरीचं घमेलं होतं आणि त्याच्या शेजारी एक भरलेला सिलिंडर आडवा पडला होता. त्याचं तोंड घमेल्याकडे होतं. तिने शेठच्या पायावर टाच मारली, हात सोडवला, खाली झेप घेतली आणि व्हॉल्वची चावी फिरवली.

फस्स्स्स!

कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि घमेलंभर लाल पावडर उडून शेठ आणि पैलवानाच्या तोंडावर आदळली. शेड लाल धुक्याने भरली. पैलवान डोळे चोळत स्वतःभोवती फिरायला लागला. फरदीनने जमिनीवरचा लांब पाना उचलला आणि त्याच्या नडगीवर दणका दिला. एक! अर्ध्या दाताबद्दल दुसरा! पैलवान सिलिंडरांच्या ढिगावर कोसळला आणि ढीग त्याच्या अंगावर गडगडला.

"निनाद, ऊठ! रन!"

अर्ध्या उघड्या शटरखालून तिघं रस्त्यावर आले तेव्हा जमालचाचा समोरून चहाचा कागदी कप हातात घेऊन येत होते. मुलाच्या तोंडातलं रक्त बघून कप त्यांच्या हातातून पडला.

"कोणी मारलं?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. शटरखालून तुकारामशेठ बाहेर आले, शेंदूर फासल्यासारखे लालेलाल.

"जमालभाई, ऐका, पोरं मस्ती करत होती..."

जमालचाचांनी ऐकलं नाही. त्यांनी शेठच्या नाकावर ठोसा मारला. शेठ मागे कोलमडले. दुसरा ठोसा पोटात बसला. आजूबाजूच्या गॅरेजमधली माणसं धावत आली. पैलवान लंगडत बाहेर आला, त्याने गॅरेजवाल्यांपैकी एकाला ढकललं आणि मग गल्लीत जी काही जुंपली ती विचारू नका! पाने उडाले, टायर गडगडले, कोणाची टोपी कोणाच्या पायाखाली गेली. त्या गोंधळात शेठ गुडघ्यांवर रांगत आत शिरले आणि त्यांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं.

"अब्बा, भांडण नंतर!" फरदीन रक्त थुंकत ओरडला. "फोन द्या! विजय अंकलच्या डिकीत दुसरा आहे! तो फुटणार!"

जमालचाचांनी फोन दिला. फरदीनने प्रमिला आंटीचा नंबर लावला.

खोर फक्कानच्या किनाऱ्यावर पांढरी गाडी उन्हात उभी होती, काचा बंद, इंजिन बंद. झाडं लांब होती. म्हणून प्रमिलाआईने गाडीच्याच मागे, तिच्या सावलीत चटई अंथरली होती. डिकीपासून हातभर अंतरावर ती सँडविचना चटणी लावत होती. फोन वाजला तेव्हा तिचे हात माखलेले होते. यम्नाने उचलला.

"यम्ना!" फरदीनचा आवाज फाटला होता. "जुळा फुटणार! सगळे बाद झालेले आहेत, भंगार! गाडीपासून लांब जा, सगळ्यांना लांब ने! विजय अंकलना दे!"

यम्नाने फोन दिला. विजयकुमारांनी ऐकलं, आणि हसले.

"फरदीन, बेटा, मस्करीची एक लिमिट असते हं. काय? तुकारामशेठ? शक्यच नाही. थांब, मी त्यांनाच विचारतो."

आणि त्यांनी खरोखर फोन ठेवून तुकारामशेठना लावला! चोराला विचारलं, बाबा रे, तू चोर आहेस का? वाचकहो, हसू नका. चांगली माणसं अशीच वागतात, म्हणून तर तुकारामशेठसारख्यांचं फावतं.

शेठनी कुलूपबंद केबिनमधून नाकाला रुमाल लावून फोन घेतला आणि आवाजात साखर घातली. "साहेब, पोरांनी रंग सांडला, मी रागावलो, म्हणून थापा मारतायत. सिलिंडर एकदम फर्स्ट क्लास! शंका असेल तर बाहेर काढून सावलीत ठेवा, झालं!"

"बघ!" विजयकुमार यम्नाला म्हणाले. "ते स्वतः सांगतायत. थांब, मी काढूनच ठेवतो, म्हणजे तुझी भीती जाईल."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि डिकीकडे निघाले. चटईवर बसलेली प्रमिलाआई पाय आवरून घेत म्हणाली, "जपून हं, चटणीवर पाय द्याल."

यम्नाला मोठ्यांना पटवता येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. ती लिंबूटिंबू होती. लिंबूटिंबूचं कोण ऐकतं? नंबरचं सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं होतं?

तिने झडप घातली. विजयकुमारांच्या हाताला कचकन चावली, किल्ली हिसकावली आणि पाण्याकडे धूम ठोकली.

"यम्ना! ए! किल्ली दे!"

"या, घ्या!" ती ओरडली. "आंटी, तुम्हीपण या! नाहीतर मी पाण्यात उडी मारीन! मला पोहता येत नाही!"

हे साफ खोटं होतं, ती माशासारखी पोहायची. पण एवढं आठवायच्या आधीच प्रमिलाआई घाबरून उठली आणि सँडविच तशीच टाकून धावत सुटली. खडकांच्या टोकाशी यम्ना थांबली. विजयकुमारांनी हात पुढे केला तसा तिने सगळा जोर लावून किल्ली भिरकावली. किल्ली उन्हात चमकली आणि डुबुक करून समुद्रात गेली.

विजयकुमारांचा तोल गेला. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या मुलीवर कधी हात उगारला नव्हता. त्यांनी फाडकन यम्नाच्या कानाखाली मारली.

आणि त्याच क्षणी मागे गाडी फुटली.

आवाज एवढा मोठा होता, की नंतर काही वेळ कोणाला काहीच ऐकू येईना. डिकीचं झाकण पापडासारखं हवेत उडालं. सगळ्या काचा एकदम फुटून त्यांचा पाऊस पडला. मागची सीट फाटून बाहेर आली. विजयकुमार यम्नावर आडवे पडले आणि काचेचा एक लांब तुकडा त्यांच्या खांद्यात घुसला. प्रमिलाआई वाळूत पालथी पडली होती. तिने मान वर करून बघितलं. चटईच्या चिंध्या झाल्या होत्या. जिथे ती बसली होती, बरोबर तिथे पिवळ्या रंगाचा, ताटाएवढा, वाकडातिकडा पत्रा वाळूत उभा रुतला होता.

ती रांगत आली आणि तिने यम्नाला पोटाशी धरलं. इतकं घट्ट, की यम्नाला श्वास घेता येईना. विजयकुमारांच्या खांद्यातून रक्त वाहत होतं, पण ते त्या मुलीच्या गालावर उमटलेल्या आपल्या पाच बोटांकडे बघत होते. मग ते हमसून हमसून रडले. एवढा मोठा माणूस असा रडताना यम्नाने पहिल्यांदाच बघितला, आणि तिला स्फोटापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी सगळे हॉस्पिटलमध्ये एकत्र आले. यम्नाची अम्मी शहरबानू तिथेच नर्स होती. तिने निनादचा हात प्लास्टरमध्ये घातलेला बघितला, फरदीनचा ओठ पुसला, विजयकुमारांच्या खांद्याचे टाके तपासले आणि प्रत्येक वेळी डोळे टिपले.

पोलिसांनी तुकारामशेठना केबिनचं दार तोडून बाहेर काढलं होतं. फोनचा चुरा झाला, तरी मैथिलीचा व्हिडिओ गेला नव्हता. तो काढता काढताच घरच्या लॅपटॉपवर आपोआप चढला होता. बँडेजवाल्या माणसाने सगळं कबूल केलं. एका चांगल्या सिलिंडरचं खरं प्रमाणपत्र, आणि त्याचा नंबर ठोकलेले ढीगभर भंगार सिलिंडर! शेठनी ते मंडळातल्या हौशी डायव्हरांना खपवले होते; त्या घराघरांतून पोलिसांनी ते जपून उचलून नेले. एकाने तर तो बाळाच्या पाळण्याखाली ठेवला होता.

पोलीस अधिकारी यम्नासमोर आले, टाचा जुळवल्या आणि त्यांनी तिला कडक सॅल्यूट ठोकला. "आज तू तीन जीव वाचवलेस," ते म्हणाले. बातमी ऐकून धावत आलेल्या एमानबाई तर तिला खांद्यावरून उतरवायलाच तयार नव्हत्या.

"आणि आम्ही?" निनाद कुरकुरला. "माझा हात मोडला!"

"तुम्हीही वाघ आहात," जमालचाचा म्हणाले. "पण पोरांनो, चूक आमची. मी इंजिनाचा नंबर बघतो, माझ्या मुलीने दाखवलेला नंबर बघितला नाही."

विजयकुमार यम्नासमोर गुडघे टेकून बसले. "बेटा, ज्या हाताने मारलं तो हात तुझ्यापुढे आहे. मला काय शिक्षा द्यायची ती दे."

यम्नाने गाल चोळला. तो अजून दुखत होता, आणि तिने तसं सांगितलंही. मग तिने मैथिलीकडे तिरकं बघितलं.

"सी-व्ह्यू रूम मला!"

"नो वे!" मैथिली आणि निनाद एकदम ओरडले, आणि खोलीतली सगळी माणसं हसली.

मोडलेला हात आणि शिवलेला खांदा घेऊन ऑगस्टमध्ये कोण समुद्रात उतरणार? प्रमिलाआईने तिकिटं बदलून डिसेंबरची केली. तारीख फिरवून झाल्यावर तिने फरदीनकडे बघितलं.

"तोवर यम्ना किती वर्षांची होईल रे?"

फरदीनने तुटक्या दाताने ओठ चावला. "दहा," तो म्हणाला. "म्हणजे लिंबूटिंबू नाही."

ऑक्टोबरात खोर फक्कानला पुन्हा सराव झाला. सिलिंडर एमानबाईंचे, तपासलेले. सगळे तयार होऊन उभे होते, पण कोणीच सिलिंडर पाठीला लावेना. यम्ना नुकतीच पूल कोर्स पास झाली होती. ती रांगेतून एकेक नंबर वाचत चालली, आणि तिने मान हलवेपर्यंत विजयकुमार, जमालचाचा, एवढंच काय, एमानबाईसुद्धा खोळंबून राहिल्या.

"सगळे वेगळे," ती शेवटी म्हणाली. "यल्ला!"

खांद्यात अजून कळ यायची म्हणून विजयकुमार मात्र किनाऱ्यावरच थांबले. त्यांनी सगळ्यांच्या चपला गोळा करून आपल्यासमोर रांगेत मांडल्या.

बऱ्याच वेळाने पाण्यातून एक छोटं डोकं वर आलं. यम्नाने मास्क कपाळावर सरकवला आणि मूठ उंच धरली. मुठीत शेवाळ लागलेली, गंजायला लागलेली गाडीची किल्ली होती.

"अंकल!" ती ओरडली. "घ्या तुमची किल्ली!"

विजयकुमार चपलांच्या राखणीवरून उठले आणि कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात शिरले. त्यांनी दोन्ही हातांनी किल्ली घेतली. तिच्यासाठी आता गाडी नव्हती, तरी ती त्यांनी शर्टाला पुसली आणि वरच्या खिशात जपून ठेवली.